वानर आणि नागरमोथा : तुलनेचा एक पाठ

(इयत्ता चौथी व पाचवी – परिसर अभ्यास)

सजीवांची तुलना शिकविताना फळ्यावर बहुधा दोन रकाने पाडले जातात. एका रकान्यात प्राणी, दुसऱ्यात वनस्पती. प्राणी हालचाल करतात, वनस्पती करीत नाहीत. प्राणी आयते अन्न खातात, वनस्पती ते स्वतः तयार करतात. प्राण्यांना पिले होतात, वनस्पतींना बिया येतात. मुले ही वाक्ये उतरून घेतात, पाठ करतात आणि परीक्षेत जशीच्या तशी लिहितात. त्यांपैकी एकही वाक्य सर्वस्वी खोटे नाही. परंतु शाळेच्या कुंपणापलीकडे जे दिसते त्याच्याशी ती ताडून पाहिली म्हणजे निम्मी तरी लंगडी पडतात. प्रस्तुत पाठात क्रम उलटा धरला आहे. आधी दोन ओळखीचे जीव जवळून पाहावयाचे आणि रकाने अगदी शेवटी भरावयाचे.

हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्याच्या साखरा या गावी, किंवा त्या भागातील कोणत्याही गावी, मुलास न शिकविता ठाऊक असलेले असे दोन जीव म्हणजे वानर आणि नागरमोथा. वानरांची टोळी चिंचेवर उतरली की वर्गातील निम्मी डोकी खिडकीकडे वळतात. त्या वेळी मुलांना दटावण्यापेक्षा पाठ खिडकीपाशी नेणे अधिक सोयीचे. नागरमोथ्याकडे पाहण्यासाठी कोणी मान वळवीत नाही. पण हळदीच्या किंवा सोयाबीनच्या खुरपणीस आईबरोबर गेलेल्या मुलाच्या बोटांना त्याची चांगली ओळख असते. दोघेही शेतकऱ्याच्या घरी शिव्यांचे धनी आहेत. हरभऱ्याच्या घाट्यांवर वानरे पडली तर घरातील बोलणे बदलते, आणि हळदीत मोथा माजला तर खुरपणीची मजुरी वाढते. ज्या दोन जीवांवरून घरात काळजीचे शब्द निघतात त्यांच्याविषयी मुलांस निराळी गोडी लावावी लागत नाही.

नावांचा उलगडा

प्रारंभी नावे निश्चित करावीत, कारण दोन्ही बाबतींत गोंधळ आहे. मराठीत वानर व माकड हे शब्द सर्रास एकमेकांऐवजी वापरले जातात. पण खेड्यातील जाणती माणसे तसे करीत नाहीत. काळ्या तोंडाचे, राखी अंगाचे आणि धडाहून लांब शेपटीचे ते वानर. तांबूस तोंडाचे, तपकिरी अंगाचे आणि आखूड अंगलटीचे ते माकड. हिंदीत वानराला लंगूर म्हणतात व त्या नावाच्या मुळाशी शेपूट या अर्थाचा लांगूल हा संस्कृत शब्द आहे. शास्त्रीय नाव सेम्नोपिथेकस एन्टेलस. पहिल्या शब्दाचा अर्थ पूज्य वानर असा होतो, आणि दुसरा शब्द व्हर्जिल या लॅटिन कवीच्या महाकाव्यातील एका वृद्ध मल्लाचे नाव आहे. हनुमंताच्या देशातील प्राण्याला परदेशी पंडितांनी पूज्यही म्हटले आणि मल्लही म्हटले, हा योगायोग मुलांना सांगण्यासारखा आहे.

नागरमोथ्याला कोठे मोथा, कोठे लव्हाळा म्हणतात. आणि लव्हाळा हेच नाव ओढ्याकाठच्या उंच, पाणथळ जातींनाही दिले जाते. तेव्हा गावातील वडीलधाऱ्यांना विचारून कोणते नाव कशाला लावतात याची नोंद मुलांकडून करवून घ्यावी. शास्त्रीय नाव सायपरस रोटुंडस असे असून ते लिनीअसने १७५३ साली दिले. रोटुंडस म्हणजे गोल. ज्याच्या पानापासून मिसरातील लोक प्राचीन काळी लिहिण्याचे साधन करीत असे मुले चुकून सांगतात तो पपायरस याच कुळातला. मात्र ते साधन पानापासून नव्हे, तर त्याच्या जाड दांड्याच्या गाभ्यापासून होत असे.

मुले नागरमोथ्याला गवत म्हणतील. तसे म्हणू द्यावे आणि मग परीक्षा घ्यावी. फुलोऱ्याचा दांडा दोन बोटांत धरून फिरविला की तीन कडा बोटाला लागतात. दांडा आडवा कापला तर त्रिकोण दिसतो. त्यावर पेरे नाहीत आणि आत पोकळी नाही. गव्हाची काडी याच्या उलट : गोल, पेरांची, पोकळ. येथे एखादा चौकस मुलगा ज्वारीचा धांडा भरीव असतो हे दाखवून देईल, आणि त्याचे म्हणणे बरोबर आहे. पोकळपणाची खूण एकटी पुरेशी नाही. म्हणून पानांची मांडणी पाहावी. ज्वारीची व हरळीची पाने समोरासमोर दोन ओळींत निघतात, नागरमोथ्याची तीन ओळींत. रोप वरून पाहिले म्हणजे हे तत्काळ ध्यानी येते. दहा मिनिटांच्या या कामातून मुलाला एक गोष्ट मिळते : एका खुणेवर निवाडा करावयाचा नाही.

मोजणी

यानंतर शिक्षकाने वर्गास साधा दिसणारा प्रश्न घालावा : वानरे किती आणि नागरमोथे किती?

वानरांची मोजणी अवघड असते ती केवळ ती एका जागी बसत नाहीत म्हणून. तीन-चार गटांनी निरनिराळी मोजणी केली तर आकडे जुळणार नाहीत. पण एक वानर म्हणजे काय याविषयी कोणाचे दुमत होणार नाही. पोटाशी पिलू बिलगलेली मादी दिसली तरी ती दोन, असे पहिलीतील मूलही सांगते.

नागरमोथ्याचे तसे नाही. शाळेच्या आवारात अथवा बांधावर हातभर लांब-रुंद जागा आखून घ्यावी व वर दिसणारी रोपे मोजावीत. समजा सात आली. मग खुरप्याने कडेकडेने, घाई न करता, वीतभर खोल माती मोकळी करावी आणि पाणी ओतून धुवावी. सुतासारखे आडवे धागे दिसू लागतील; ते मुळे नसून जमिनीत धावणारी खोडे होत. त्यांच्यावर ठिकठिकाणी काळपट गाठी असतील आणि गाठीतून निघालेला धागा पुढच्या गाठीपाशी गेलेला असेल. सातांपैकी चार-पाच रोपे एकाच माळेत ओवलेली निघाली तर ही रोपे सात म्हणावयाची की तीन? आणि ज्या गाठींना अद्याप पाने फुटलेली नाहीत त्या कोठे धरावयाच्या? या प्रश्नाला एकच उत्तर देण्याची घाई शिक्षकाने करू नये. वनस्पतिशास्त्रज्ञांनाही अशा वनस्पतींच्या बाबतीत प्रत्येक वेळी एक म्हणजे काय हे ठरवूनच मोजणी करावी लागते. प्राणी आणि वनस्पती यांच्यातील हा भेद हालचालीच्या भेदाहून अधिक खोल आहे, आणि पाठ्यपुस्तकाच्या रकान्यात तो सहसा येत नाही.

हालचालीचेही असेच. नागरमोथा चालत नाही हे खरे, तथापि त्याची आडवी खोडे दरसाल पुढे सरकतात. त्यांची टोके इतकी अणकुचीदार असतात की जमिनीतील बटाटा भेदून पलीकडे निघतात. शिवाय नांगराच्या फाळाला, ट्रॅक्टरच्या चाकाला आणि बेण्याच्या मातीला चिकटून गाठी एका शेतातून दुसऱ्या शेतात जातात. वानराच्या हालचालीविषयी मुलांची एक चुकीची समजूत मात्र आवर्जून दूर करावी. चित्रांतून व कथांतून वानर शेपटीने फांदीला लोंबकळताना दाखवितात. आपल्याकडील एकही वानर अथवा माकड तसे करू शकत नाही. शेपटीने फांदी धरणारी माकडे दक्षिण व मध्य अमेरिकेत आहेत. आपल्या वानराची शेपूट उडी घेताना तोल सांभाळते, पकडत नाही. खिडकीतून पाच मिनिटे पाहिले तरी याची खात्री पटते.

अन्न

नागरमोथा सूर्यप्रकाश, हवा व पाणी यांपासून अन्न तयार करतो आणि उरलेले पिठूळ सत्त्वाच्या रूपाने गाठीत साठवितो. वानर ते करू शकत नाही. एवढे सर्वांस ठाऊक आहे. पुढचे अधिक उपयोगी आहे. कडक ऊन व उष्णता असताना अन्न तयार करण्याची जी विशेष कार्यक्षम रीत ज्वारी, मका व ऊस यांच्या ठायी आहे तीच नागरमोथ्याच्याही ठायी आहे. सोयाबीन व हळद यांच्या ठायी ती नाही. म्हणून उघड्या रानात मोथा पिकाला मागे टाकतो. पण सावली त्याला सोसत नाही. पिकाची पाने एकमेकांस भिडून जमीन झाकली गेली की तो खुरटतो. हळद उगवावयास आणि पसरावयास पुष्कळ आठवडे घेते. तितके दिवस ऊन मोथ्याला मोकळे मिळते. हिंगोली, वसमत व सेनगाव या भागांत हळदीच्या खुरपण्या का वाढतात याचे एक कारण येथे आहे, आणि ते मुलांना घरी जाऊन सांगता येण्याजोगे आहे.

वानराचे मुख्य अन्न पाला. फळे, फुले, शेंगा, बिया यांवरही ते ताव मारते, पण इतर माकडांना न पचणारी जून पाने ते पचवू शकते. त्याचे जठर अनेक कप्प्यांचे असून त्यात राहणारे सूक्ष्म जंतू पानांतील चिवट तंतू आंबवून मऊ करतात. गाईच्या पोटात असेच घडते. फरक इतकाच की वानर रवंथ करीत नाही. सकाळी चरून झाल्यावर दुपारी वानरे फांद्यांवर तासन्‌तास सुस्त बसलेली दिसतात, तो आळस नसून पचनाचा काळ असतो. माकडाच्या गालांत अन्न साठविण्याच्या पिशव्या असतात, वानराच्या नसतात. म्हणून हरभरा गालात कोंबून पळणारे जनावर दिसले तर ते माकड समजावे.

दातांचीही तुलना करण्याजोगी आहे. वानराला ३२ दात असतात, प्रौढ माणसाला ३२. आणि दातांवरूनच नागरमोथ्याची एक विस्मयकारक हकीगत उजेडात आली. सुदानमध्ये नाईल नदीच्या एका फाट्याकाठी अल खिदाय येथे सापडलेल्या हजारो वर्षांपूर्वीच्या मानवी सांगाड्यांच्या दातांवरील किटण तपासले असता त्यात नागरमोथ्याचे अवशेष मिळाले. हे संशोधन २०१४ साली प्रसिद्ध झाले. शेती सुरू होण्यापूर्वी तेथील माणसे या गाठी खात असत, आणि नंतरही खात राहिली. दात किडविणाऱ्या जंतूंना नागरमोथा आळा घालतो, आणि तेथील लोकांचे दात फारसे किडलेले नव्हते त्याचे कारण हेच असावे, असे संशोधकांनी सुचविले. आज जगातील अत्यंत उपद्रवी तणांत ज्याची गणना १९७७ सालच्या एका सुप्रसिद्ध ग्रंथाने पहिल्या क्रमांकावर केली, ते एके काळी माणसाच्या ताटातले अन्न होते.

वंशवृद्धी

वानराच्या मादीस सुमारे साडेसहा महिन्यांच्या गर्भकाळानंतर बहुधा एकच पिलू होते. जन्मतः त्याची लव गडद काळसर असते आणि काही महिन्यांत ती फिकट होते. त्यामुळे टोळीतील तान्ही पिले दुरूनही ओळखू येतात. टोळीतील इतर माद्या पिलाला आळीपाळीने जवळ घेतात. हे दृश्य मुलींना व मुलांना फार आवडते, आणि आपल्या घरच्या मावश्या-काकूंची आठवण ती आपण होऊन काढतात.

केवळ शिक्षकाच्या माहितीसाठी येथे एक गोष्ट नोंदविणे अवश्य आहे. बहुतेक टोळ्यांत एकच प्रौढ नर असतो व बाहेरचा नर त्याला हुसकावून टोळी ताब्यात घेतो, तेव्हा पूर्वीची तान्ही पिले कधी कधी मारली जातात. धारवाड येथे सुगियामा या जपानी संशोधकाने १९६०च्या दशकारंभी हे पाहून लिहिले व पुढे अबूच्या पहाडावर सारा ह्रडी यांनी त्याचा सविस्तर अभ्यास केला. एखाद्या मुलाच्या डोळ्यांदेखत असे घडले आणि ते भेदरून शाळेत आले, तर ‘जनावर पिसाळले’ असे सांगून वेळ मारून नेऊ नये. नवा नर आल्यावर वानरांत असे घडते, इतके शांतपणे सांगावे.

नागरमोथ्यालाही फुले व बिया येतात, परंतु त्याच्या बिया फारशा उगवत नाहीत; त्याचा सारा भर गाठींवर. एका गाठीपासून रोप उगवल्यावर काही आठवड्यांतच जमिनीत नव्या गाठी धरू लागतात. हे सांगण्याऐवजी करून दाखवावे. पाऊस लागल्यावर, जून-जुलैत, बूड भोक पाडलेले दोन जुने तेलाचे डबे मातीने भरावेत. एकात चार गाठींची अखंड माळ लावावी. दुसऱ्यात तशीच माळ घेऊन, मधले धागे तोडून, चारही गाठी सुट्या लावाव्यात. दोन्हींना सारखे पाणी व सारखे ऊन द्यावे आणि कोंब किती निघाले ते मुलांनी रोज वहीत लिहावे. माळेच्या टोकाची गाठ जागी असली की ती मागच्या गाठींना निजवून ठेवते. धागा तुटला की निजलेल्या जाग्या होतात. दुसऱ्या डब्यात कोंब अधिक निघण्याचा संभव आहे तो यामुळे. निघाले नाहीत तरी जे दिसले तेच लिहावयाचे.

हा प्रयोग झाला की खुरपणीचा प्रश्न मुले आपण होऊन काढतील. पाने उपटली, धागे तुटले, गाठी जमिनीतच राहिल्या, म्हणजे एका मोथ्याचे चार झाले. ओल्या जमिनीत कुळव फिरविण्याने हेच घडते. वानरांच्या बाबतीत शेतकऱ्याला येणारा अनुभव फारसा निराळा नाही : फटाके वाजवून टोळी आपल्या रानातून हाकलली तर ती शेजाऱ्याच्या रानात जाते आणि दोन दिवसांनी परत येते. पण येथे साम्य संपते. वानरांना हाकलल्याने त्यांची संख्या वाढत नाही. त्यांचा मुक्काम बदलतो. जवळपास वड, उंबर, पिंपळ, चिंच शिल्लक आहेत की नाहीत, आणि देवळापाशी व रस्त्याकडेला माणसे त्यांना शेंगदाणे-केळी टाकतात की नाही, यावर तो मुक्काम पुष्कळसा अवलंबून असतो. हातचे खावयास मिळाले की वानर माणसाची भीड सोडते; म्हणून मुलांनी डब्यातील पोळी त्याला टाकू नये, त्याच्या डोळ्याला डोळा भिडवू नये, आणि चावा अथवा ओरखडा झाल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याने चांगली धुऊन लागलीच दवाखान्यात जावे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये वानराला मारणे अथवा पकडणे गुन्हा आहे, हेही सांगावे. नागरमोथ्याला असे कोणतेही छत्र नाही.

मराठवाड्यातील मुलांच्या कानी वानरांच्या दोन परस्परविरुद्ध गोष्टी आलेल्या असतात. धाराशिव जिल्ह्यातील उपळा या गावी ३२ एकर जमीन माकडांच्या नावे कागदोपत्री नोंदलेली असल्याचे वृत्त २०२२ साली सर्वत्र छापून आले. त्याच्या आदल्या वर्षी, डिसेंबर २०२१ मध्ये, बीड जिल्ह्यातील लवूळ येथे वानरांनी कुत्र्यांची पिले उंचावर नेऊन मारल्याचे वृत्त देशभर गाजले. वनविभागाने तेथील दोन वानरे पकडून नेली. मेलेल्या पिलांचा आकडा निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळा छापला गेला, आणि वानरांनी सूड घेतला हे शब्द मात्र सर्वत्र सारखे होते. वर्गात हा विषय निघाल्यास कोणी काय प्रत्यक्ष पाहिले, कोणी ऐकले आणि कोणी अनुमान केले, हे तीन निराळे करण्याचा सराव मुलांकडून करवून घ्यावा. पाचवीच्या मुलांना हे जमते. नागरमोथ्याची गोष्टही अशीच दुतोंडी आहे : खुरपणीच्या दिवसांत शिवी खाणारा मोथा दिवाळीच्या पहाटे उटण्यात सुगंध होऊन अंगाला लागतो, आणि वैद्याच्या पुडीत तोच मुस्ता या नावाने येतो. वाळलेली एक गाठ ठेचून प्रत्येकाच्या हाती वास घेण्यास द्यावी. ओळखीचा वास आला की काही चेहऱ्यांवर जे आश्चर्य दिसते त्यासाठी तरी हे करावे.

आता फळ्यावर दोन रकाने पाडण्यास हरकत नाही. शीर्षके मुलांनी सुचवावीत; एक किती हे मोजता येते का, तोडले अथवा हाकलले तर काय होते, सावलीत काय होते, संतती कोण सांभाळते, अशी ती असतील. श्वसन, पाण्याची गरज, वाढ आणि मरण ही दोघांना समान आहेत, हे रकान्यांच्या मधली रेघ पुसून तेथेच लिहावे.

प्रयोगाचे डबे पावसाळा संपल्यावर फेकून देऊ नयेत. त्यांतील माती शाळेच्या बागेत तर मुळीच टाकू नये. तसे केल्यास पुढील वर्षीचा पाठ बागेतच घ्यावा लागेल. डबे ओट्यावर एप्रिलपर्यंत ठेवावेत. त्या महिन्यात रानात खोल नांगरट चाललेली असते. तेव्हा डबे पालथे करून गाठी मोजाव्यात, निम्म्या फरशीवर भर उन्हात पसराव्यात आणि निम्म्या सावलीत ओल्या पोत्याखाली ठेवाव्यात. पंधरा दिवसांनी दोन्हींतल्या दहा-दहा गाठी पुन्हा मातीत लावून पाणी घालावे, आणि कोणत्या उगवतात ते पाहण्याचे काम सुटीत शाळेजवळ राहणाऱ्या दोन मुलांकडे सोपवावे.